मी काढून टाकलेला गेम

माझा नवरा कुवेतला एका कंपनीत मेकॅनिक आहे. वर्षातून एकदा दीड महिन्याच्या सुट्टीवर येतो. वटार गावातल्या आमच्या घरात आम्ही तिघी असतो: मी, सासूबाई आणि मुलगी. मी प्राथमिक शाळेत शिकवते. ही गोष्ट घडली तेव्हा मुलगी पाचवीत होती.

लॉकडाऊनमध्ये शाळा फोनवर भरायची, तेव्हा नवऱ्याने त्याचा जुना फोन तिच्यासाठी ठेवला. शाळा परत वर्गात भरू लागली, पण फोन तिच्याकडेच राहिला. जेवताना फोन, झोपाळ्यावर फोन. हाक मारली तर तिसऱ्या हाकेला ओ यायची. पहिल्या चाचणीत गणितात मार्क कमी पडले. डोळे तपासले तर चष्मा लागला. शाळेतल्या पालकसभेत मुलांना फोन देऊ नका म्हणून बोलणारी मी, घरी माझं काहीच चालत नव्हतं. सासूबाईंना म्हटलं, की मी शाळेत असते तेव्हा तुम्ही तरी तिला अडवा. त्या म्हणाल्या, "ती पप्पाशी बोलते गं." मला वाटलं, म्हातारीला पोरीने गुंडाळलंय. व्हिडिओ कॉल फक्त शुक्रवारी होतो, तेव्हा नवऱ्याला सुट्टी असते, हे मला माहीत होतं.

एका शनिवारी संध्याकाळी आम्ही रोझरीला, जपमाळेच्या प्रार्थनेला, बसलो होतो. सासूबाई पुढे म्हणत होत्या, आम्ही मागून. मुलीचा आवाज मध्येच तुटला. मी डोळे उघडून पाहिलं, तर तिच्या मांडीवरच्या उशीखालून उजेड येत होता आणि बोटं चालली होती. प्रार्थना संपेपर्यंत मी काही बोलले नाही. मग हात पुढे केला.

"दे."

तिने दिला.

"एवढं काय असतं गं त्यात? देवासमोरसुद्धा राहवत नाही?"

फोनवर तीन गेम होते. तिच्यासमोरच मी एकेक दाबून काढून टाकले. तिसरा काढताना ती फक्त म्हणाली, "आई, तो नको." मी तोही काढला आणि फोन कपाटात ठेवून चावी पर्समध्ये टाकली. ती रडली नाही. मला वाटलं होतं त्यापेक्षा हे सोपं झालं.

पुढचे पाच-सहा दिवस घर शांत होतं. ती वेळेवर जेवायची, लवकर झोपायची. एकदा वाडीत केळीचे लोंगर उतरवताना स्वतःहून मदतीला आली. स्टाफरूममध्ये मी सांगितलं, की एकदा मन घट्ट करायला हवं, मुलं सुधारतात. दोघीतिघींनी विचारलं, कसं केलंस. मी सविस्तर सांगितलं.

शुक्रवारी माझ्या फोनवर नवऱ्याचा कॉल आला. मी तो मुलीसमोर धरला. जेवलीस का, हो. अभ्यास, झाला. आजी, बरी आहे. नेहमी असंच बोलणं व्हायचं, म्हणून मला काही वेगळं वाटलं नाही. ती उठून आत गेली, तेव्हा तो म्हणाला, "तिचा गेम बंद आहे काय? आठवडाभर येत नाही. मला वाटलं परीक्षा असेल."

"मी काढलाय. का? तुला काय माहीत गेमचं?"

तो सांगू लागला. दीड वर्षापासून ते दोघं तो गेम खेळत होते. त्याची शिफ्ट संपायची तेव्हा आपल्याकडे साडेसात वाजलेले असायचे. खोलीवर आला की तो गेममध्ये यायचा, ती आधीच तिथे असायची. त्या गेममध्ये ठोकळे रचून घर बांधता येतं. त्यांनी आमचं घर बांधलं होतं. पुढे पडवी, मागे केळी, आणि वाडीतलं बावखल, म्हणजे आमचं छोटं तळं. बावखलाला पाणी नीट भरायला दोघांना चार दिवस लागले होते.

"कॉलवर ती माझ्याशी काय बोलते, तू ऐकतेसच," तो म्हणाला. "खेळताना लिहून बोलायची. बाईंनी ओरडलेलं, मैत्रिणीशी भांडण, सगळं."

"मला सांगायचं होतंस."

"मला वाटलं तुला माहीत आहे. आईला माहीत होतं."

मग तो म्हणाला, "त्या शनिवारी तिने लिहिलं, थांब पप्पा, रोझरी चालू आहे. मी थांबलो. मग ती आलीच नाही."

मी कपाट उघडून फोन काढला आणि गेम परत घेतला. उघडला, तर आत काहीच नव्हतं. त्यांनी बांधलेलं सगळं तिच्याच फोनवर साठवलेलं होतं, हे नवऱ्याने मला नंतर समजावून सांगितलं. गेम काढला तेव्हाच ते गेलं.

मुलगी पडवीत शेंगा सोलत बसली होती. मी शेजारी बसले.

"मला का नाही सांगितलंस, पप्पांबरोबर खेळतेस म्हणून?"

"तू विचारलं कुठे?"

"आता विचारते. परत बांधता येईल का?"

"येईल." पुढची शेंग उचलत म्हणाली, "पण मला कंटाळा येईल."

माझं चुकलं, असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली आणि शेंगा सोलत राहिली. नंतर आम्ही तिघांनी कॉलवर ठरवलं: रोझरीनंतर पाऊण तास फोन, तोही पप्पांबरोबर. बाकी वेळ तो माझ्या पर्समध्ये. हा नियम आम्ही पाळला. त्यांनी दुसरं घर सुरू केलं, पण ते अर्ध्यावरच राहिलं. पाऊण तासातला बराचसा वेळ ते नुसते लिहीत बसायचे. मी ते कधी वाचलं नाही.

पालकसभेत मी अजूनही फोनबद्दल बोलते. वेळ बांधून द्या, रात्री देऊ नका, हे सांगतेच. पण हल्ली आधी विचारते, मूल फोनवर काय करतं ते तुम्हाला माहीत आहे का. बरेच पालक म्हणतात, गेम खेळतो. कुठला, ते सांगता येत नाही.

मे महिन्यात नवरा सुट्टीवर आला. पहिले दोन दिवस मुलगी त्याच्याशी लाजून बोलत होती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने विचारलं, "खेळूया काय?"

"नको पप्पा. आता तो गेम कोणी खेळत नाही."

"बरं," तो म्हणाला आणि स्कूटर काढली. दोघं भुईगावच्या किनाऱ्यावर गेली आणि अंधार पडायच्या आत परत आली. ती हातपाय धुवायला गेल्यावर मी विचारलं, "काही बोलली?"

"जाताना नाही," तो म्हणाला. "येताना बोलायची थांबलीच नाही."