धाकटीनं तोंड फिरवलं

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरल्यासारखं. चौथीपर्यंतच शिकले. हे कोणी वाचणार नाही, तरी माफी मागून ठेवते. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की मला घाम फुटतो, म्हणून कागदाशी बोलते.

माझी मुलगी परभणीच्या कॉलेजात माध्यमांचं शिकते. म्हणजे बातम्या, सिनेमा, जाहिराती. दिवाळीत घरी आली की मी भाकरी थापते आणि ती चुलीपाशी बसून शब्द पाठ करते. गोष्टीत नायक असतो, खलनायक असतो, मदतनीस असतो. आधी सगळं सुरळीत, मग विस्कटतं, मग पुन्हा जागेवर बसतं. जे दिसतं तो वाच्यार्थ, त्यातून मनात येतं तो सूचितार्थ.

मी विचारलं, "आणि भाकर करपली तर?"

"करपली हा वाच्यार्थ. तू रागात आहेस हा सूचितार्थ."

मी रागात नव्हते, जाळ मोठा झाला होता. पण पुस्तकापुढे काय बोलायचं.

तिच्या प्रवेशाचे पैसे माझ्या धाकट्या जावेनं दिले होते, शेळ्या विकून. भिंतीला भिंत लागून तिचं घर. कापूस विकला की फेडते म्हणाले होते.

त्याच सुट्टीत मुलीला कॉलेजातून काम होतं: आपल्या घराचा छोटा सिनेमा काढायचा. ती मोबाईल धरून आमच्या मागं मागं फिरली. नायिका मी. एका संध्याकाळी मी डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन अंगणात आले, धाकटी हात लावायला पुढं झाली. तेवढ्यात दारात आमचे मालक, म्हणजे मुलीचे वडील, खोकले. आमच्यात थोरल्या दिरासमोर, म्हणजे भायासमोर, बाई तोंड दाखवत नाही. धाकटीनं पदर ओढला आणि पाठ करून उभी राहिली. गाठोडं मी एकटीनंच उतरवलं, त्यात नवीन काय.

सिनेमात मुलीनं मालकांना ठेवलं नाही. खोकलाही काढला, म्हणाली आवाज खराब येत होता. त्या जागी रडकी बासरी घातली. आता दिसतं काय, तर मी ओझ्याखाली वाकलेली आणि जाऊ मला बघून तोंड फिरवते. कॉलेजात टाळ्या पडल्या. सर म्हणाले, खलनायिका एका शब्दाविना उभी केलीस.

मग सिनेमा गावातल्या फोनवर आला. मीही पाहिला आणि डोळे पुसले. खोकला मी माझ्या कानानं ऐकला होता, तरी बासरी वाजली की माझीच मला दया येत होती.

धाकटी तणतणत आली. "बाई, हापशावर बाया काय म्हणायल्यात ठावं हाय का? 'शेळ्यावाली आली, तोंडं फिरवा गं.' पैसे म्या दिले, अन् वंगाळ बी मीच?"

रविवारची घरी आलेली मुलगी म्हणाली, "काकू, तो नुसता सूचितार्थ आहे."

"तुज्या सूचितार्थाला माज्या पोरीचं लगीन जमवायचं न्हाई. पुढल्या महिन्यात पावणे येणार हायत. त्यांच्या फोनात बी मी अशीच दिसायलेय."

"खोकला परत घाल," मी मुलीला म्हणाले. एवढ्या मोठ्यानं मी कधी बोलले नसेन.

तिनं घातला. बासरी काढली, मालक ठेवले, सगळ्यांना पाठवलं. हापशावर निकाल लागला: "पयलाच बरा व्हता. ह्यात काईच होत न्हाई."

पाहुणे आले. मुलाच्या आईनं चहा घेता घेता धाकटीला विचारलंच, "त्या शिनेमातल्या तुमीच न्हवं?" धाकटीचा चेहरा उतरला. तिची पोर आतल्या दारात उभी होती. मला बोलायचं होतं, पण समोर चार माणसं. सेलूला कापूस विकून आलेले पैसे कमरेच्या पिशवीत होते. पाहुण्यांसमोर नोटा काढू नयेत, एवढं मला कळतं. तरी काढल्या आणि धाकटीच्या हातावर ठेवल्या.

"हे कशाचे?" मुलाच्या आईनं विचारलं.

"माज्या लेकीच्या कॉलेजाचे. हिनंच दिलते," मी म्हणाले.

धाकटी नोटा मोजायला लागली. इतक्यात पाहुण्यांना भेटायला आमचे मालक आले आणि दारात खोकले. धाकटीनं पदर ओढला, गर्रकन पाठ केली.

मुलाची आई हसायला लागली. "अगं बया! म्हंजे भायासाठी व्हतं व्हय ते!"

धाकटी वळली नाही. भिंतीकडं तोंड करून तिनं उरलेल्या नोटा मोजल्या आणि पदराआडून म्हणाली, "पुरे हायत, बाई. फिटले."