अकरावा प्रश्न

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. मी सांगलीच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. मागासवर्गीय विद्यार्थ्यांना समाजसर्वेक्षण शिकवायचं म्हणून साताऱ्यात मे महिन्यात एक प्रशिक्षण निघालं आणि त्यात माझी निवड झाली. कुंडलच्या आमच्या बौद्धवाड्यात 'संशोधन' हा शब्द मीच पहिल्यांदा नेला. आईला तो उच्चारता यायचा नाही. ती शेजारणींना सांगायची, "सरकार पोरीला गावं मोजाया धाडतंय."

शिकवणारे सर पुण्याचे, अतिशय मृदू बोलणारे. "तुमच्या समाजाचा अभ्यास आता तुम्हीच करायचा," असं ते पहिल्या दिवशी म्हणाले, तेव्हा मला भरून आलं होतं. ज्याचं काम सर्वांत चांगलं होईल त्याला पुण्यात एम.ए.साठी ते शिफारसपत्र देणार होते. ते पत्र मला हवं होतं. दुसरं काहीच नको होतं.

मेढ्याजवळच्या एका गावात मला आणि कोयनानगरकडच्या एका धनगराच्या मुलाला जोडीनं पाठवलं. हातात सायक्लोस्टाईल केलेले फॉर्म. अकरावा प्रश्न असा होता : सार्वजनिक विहिरीचे पाणी मिळते का? हो / नाही.

विहिरीपासून जरा लांब एक बाई रिकामी घागर घेऊन उन्हात बसली होती. मी विचारलं, "मावशी, ह्या विहिरीचं पाणी मिळतं का?"

"मिळतं की."

"मग बसलाय का?"

"आवं, वरल्या आळीची कुणी बाई याया नको का? तिच्या मनात आलं तर वतती घागरीत. आमी काठाला शिवत न्हाई." मग हळूच म्हणाली, "माजं नाव लिवू नगो बाई. हितंच ऱ्हायचं हाय मला."

मी 'हो'वर खूण केली आणि कागदाच्या मागं तिचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. संध्याकाळी सरांनी मागची बाजू वाचली आणि तिच्यावर रेघ मारली. "हे तुमच्या मनाला लागलंय, समजतं मला. पण प्रश्नाला उत्तर मिळालंय ना? संशोधकानं स्वतःला मध्ये आणायचं नसतं."

मी मान हलवली.

शेवटच्या दिवशी पाहुण्यांसमोर सरांनी निष्कर्ष वाचले. त्या गावात पाण्याच्या बाबतीत भेदभाव उरलेला नाही, असं ते म्हणाले. माझा जोडीदार उठून उभा राहिला. 

"सर, हे खोटं हाय. आमी दोघांनी डोळ्यांनी बघितलंय."

सर रागावले नाहीत. माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं, "फॉर्म तुम्ही भरला होतात. काय उत्तर होतं?"

सगळा हॉल माझ्याकडं बघत होता. आपण काय करतोय, हे मला पुरतं कळत होतं.

"मिळते, सर," मी म्हणाले.

तो खाली बसला. टाळ्या वाजल्या, त्यात मीही वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडवर तो कोयनेच्या गाडीची वाट बघत होता. मी जवळ गेले. तोच आधी बोलला, "तू कुटं खोटं बोललीस? फॉर्मात हुतं तेच सांगितलंस." आवाजात राग नव्हता. चिडला असता तर बरं झालं असतं. गाडी आली आणि तो चढला. त्यानं पुढं शिक्षण सोडलं, असं वर्षभरानं कानावर आलं. का, ते मी विचारलं नाही.

शिफारसपत्र मला मिळालं. सरांनी त्यात माझ्या तटस्थपणाची खास तारीफ केली होती. एम.ए.ला प्रवेश झाला आणि पुढं कितीतरी वर्षं मी मुलांना प्रश्नावली कशी करायची ते शिकवलं.

पत्र घेऊन कुंडलला गेले, तेव्हा आईनं ते मला मोठ्यानं वाचायला लावलं. तटस्थ म्हणजे काय, असं तिनं विचारलं.

"कुणाची बाजू न घेणारी," मी सांगितलं.

"चांगलं हाय की मग," ती म्हणाली, आणि वाड्यात घरोघर साखर वाटायला निघाली.