टायरच्या पोटातली ट्यूब

आमच्या ह्यांना गाडीतळावर सगळे हवामास्तर म्हणतात. टायरला टाचेनं एक लाथ घालायची आणि आत हवा किती ते सांगायचं, ही ह्यांची कला. नंतर कोणी मीटर लावून पाहिलं आणि फरक निघाला, तर मीटर खराब. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ह्यांची चूक निघाली असं कधी घडलंच नाही. दर वेळी मीटरच खराब.

ही हकिकत मी सांगतेय म्हणून ह्यांना राग येणार नाही. परवा स्वतःच म्हणाले, "तूच सांग. मी सांगायला बसलो तर मधेच स्वतःला सावरून घेईन."

हे दवाखान्याची जीप चालवतात. मोठा दवाखाना खाली, आणि वर दगडाच्या खाणीपलीकडे वस्तीवर एक छोटा. दोन्हींच्या मधे जे आहे त्याला रस्ता म्हणायचं ते केवळ दुसरा शब्द नाही म्हणून. नुसते गोटे, सुटी खडी आणि चाकांनी खणलेले चर. चारही चाकांना जोर मिळतो असली जीप असेल तरच माणूस वर पोचतो. मी वरच्या दवाखान्यात सफाई आणि पट्ट्या-कापसाचं बघते. म्हणजे रोज ह्यांच्याच गाडीत, ह्यांच्याच शेजारी. जे घरी ऐकायचं तेच गाडीत पुन्हा ऐकायचं. आणि ऐकायचं काय, तर "आपली गाडी आजवर वाटेत अडकलेली नाही." पंक्चर झालं की हे चाक उतरवणार, टायरमधून ट्यूब ओढून काढणार, ठिगळ लावणार, हातपंपानं हवा मारणार आणि चला पुढे. त्या ठिगळाच्या ट्यूबवरून जसा मायेनं हात फिरवायचे तसा माझ्या पाठीवरून कधी फिरवल्याचं मला आठवत नाही.

आता ह्यांना जावई मिळाला तोही टायरवाला. आमची एकुलती एक लेक त्याला दिलेली. नाक्यावर त्याचं छोटं दुकान, आणि दुकानामागच्या एका खोलीत ह्या दोघांचा संसार. स्वभावानं अगदी गरीब. आमच्याकडे आला की खुर्चीच्या कडेवर बसणार, पाठ म्हणून टेकायचा नाही. पण टायरचा विषय निघाला की त्याच्या तोंडाला कुलूप राहत नसे.

"बाबा, आता ह्या जीपला ट्यूबलेस घाला," एका दुपारी तो म्हणाला. "काटा-खिळा लागला तरी हवा हळूहळू जाते. चाक न उतरवता बाहेरून भोक बुजवता येतं. आणि गोट्यांवर हवा तुम्ही आत्ता करता त्याच्याहूनही कमी करू शकता. टायर पसरतं, पकड घेतं."

"आणि गोट्यानं कडेला फाटलं तर?" हे म्हणाले. "किंवा टायर रिमवरून सुटलं तर? तिथं रानात तुझा कॉम्प्रेसर कोण आणणार? ट्यूब असली की हातपंपावर भागतं."

"ते खरंय बाबा. म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीत ठेवायचा, बॅटरीवर चालतो. पण हवा कमी केल्यावर ट्यूबचं टायर रिमवर सरकतं. ट्यूबही ओढली जाते आणि व्हॉल्व मुळातून उपटतो."

"अरे, ट्यूबशिवाय टायर म्हणजे काळजाशिवाय माणूस," हे म्हणाले, आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन हसले. जावयानं विषय सोडला. सासऱ्याशी वाद घालणं त्याच्या रक्तातच नाही.

पण पुढे झालं असं, की दवाखान्याच्या गाड्या बघणाऱ्या मॅनेजरबाईंनीच ट्यूबलेसचा विषय काढला. जावयाच्या दुकानातून चार टायर आमच्या जीपला बसवायची आणि बाई स्वतः एकदा गाडीतून वर जाऊन बघणार. पसंत पडलं तर दवाखान्याच्या झाडून साऱ्या गाड्यांच्या टायरचं काम जावयाकडे. लेकीचा फोन आला तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. "आई, हे काम मिळालं ना, तर आम्ही वेगळं घर बघू गं. दुकानातल्या रबराच्या वासाशिवाय झोपायचंय मला एकदा."

टायर बसली. ह्यांनी चारही चाकांना लाथा घातल्या आणि मान हलवली. मला वाटलं, चला, आली गाडी रुळावर. पण आमचे हे कसले सरळ! बाई यायच्या आदल्या दिवशी "चाकांचं बॅलन्सिंग करून आणतो" म्हणून गेले ते गावाबाहेरच्या दुसऱ्याच टायरवाल्याकडे. चारही टायर उघडली आणि आत गुपचूप ट्यूबा घालून आणल्या. मला ताकास तूर लागू दिली नाही. स्टेपनी जुनीच होती, तिला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाई पुढे बसल्या, मी मागे पट्ट्यांच्या खोक्यांमधे. खाण आली तसे हे उतरले आणि चाकांतली हवा सोडायला लागले. सोडली ती सोडलीच. मी म्हटलं, "अहो, आज जास्तच सोडताय."

"जावईच म्हणाला ना, आणखी कमी केली तरी चालते? बघू दे बाईंना," हे म्हणाले.

माणूस किती उफराटं वागू शकतो बघा. जावयाचं ऐकलं, पण अर्धंच. हवा त्याच्या सांगण्यानं कमी केली आणि ट्यूब स्वतःच्या अकलेनं आत ठेवली.

चढाच्या मध्यावर मागचं एक चाक बसलं. ह्यांनी स्टेपनी चढवली. "होतं असं," बाईंना म्हणाले. थोडं वर गेलो नाही तोच पुढचं चाक फुस्सकन खाली. आता दुसरी स्टेपनी कुठून आणणार? आजवर कधीही न अडकलेली गाडी उन्हात आडवी उभी, आणि मॅनेजरबाई रुमालानं वारा घेत म्हणतायत, "हीच का ती नवीन टायर?"

हे हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. बाईंनीच जावयाला फोन लावला.

तो मोटारसायकल कधी चालवत, कधी ढकलत वर आला. मागे सामानाची पेटी, शर्ट घामानं भिजून पाठीला चिकटलेला. चाकाशी बसला, व्हॉल्वच्या जागेवर बोट नेलं आणि बोट तिथंच राहिलं. व्हॉल्व नव्हताच, रिकामं भोक होतं. ट्यूबलेसचा व्हॉल्व रिमला घट्ट बसवलेला असतो, तो असा आत ओढला जात नाही. एवढं तर मला पण कळतं, हवामास्तराची बायको आहे मी. जावयानं मान वर करून सासऱ्याकडे पाहिलं. हे खाणीकडे बघत होते.

"बाई, तुम्ही सावलीत बसा. इथं धूळ उडेल," जावई म्हणाला. त्या गेल्यावर त्यांच्याकडे पाठ करून त्यानं टायर उघडलं. आत हात घातला, फाटलेली ट्यूब हळूच ओढून घेतली आणि घडी करून पेटीत सारली. दुसऱ्या चाकाचंही तसंच. मग नवे व्हॉल्व बसवले, टायरच्या कडेला साबणाचं पाणी लावलं, टायरभोवती दोरी आवळली आणि जीपच्या बॅटरीवर तो छोटा कॉम्प्रेसर सुरू केला. टायर फटकन आवाज करून रिमला बसलं.

बाईंनी येऊन विचारलं, "झालं काय होतं नक्की?"

"चूक माझी आहे," जावई म्हणाला. "बसवताना रिम नीट साफ केली नव्हती. टायर चांगली आहेत. मीच घाई केली."

मी ह्यांच्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, आता बोला. अहो, आता तरी बोला! हे मूग गिळून जॅक आवरत होते. निघताना जावई ह्यांच्याजवळ आला आणि अगदी हळू म्हणाला, "बाबा, बाकीच्या दोन चाकांत हवा पूर्ण भरलीय, ती कमी करू नका. सवड झाली की गाडी दुकानात आणा. मी एकटाच असेन तेव्हा." 'एकटाच असेन तेव्हा' हे त्यानं अशा आवाजात म्हटलं, की मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाई गाडीत एवढंच म्हणाल्या, "माणूस प्रामाणिक दिसतो. पण असं काम त्याच्या हाती कसं द्यायचं?"

घरी आल्यावर मी काय सोडते की काय! "पोटच्या पोरीच्या घरावर नांगर फिरवलात," मी म्हटलं.

"मी त्याची अब्रू राखायला ट्यूबा घातल्या होत्या," हे म्हणाले. "त्याचं टायर वाटेत दगा देऊ नये म्हणून."

"त्याची अब्रू की तुमची? गाडी अडकली असती तर हवामास्तराचं नाक कापलं गेलं असतं, ही भीती होती तुम्हाला!"

हे ताटावरून उठले. नंतरचे दिवस घरात मेल्यासारखे गेले. हे टायरला लाथ मारेनासे झाले. गाडीतळावर कोणी हवामास्तर म्हणून हाक मारली की मान खाली घालायचे. जावयाचे फोन यायचे, गाडी कधी आणताय म्हणून, आणि हे मला खूण करायचे, नाही म्हणून सांग. त्याच्यासमोर उभं राहायचं धैर्य नव्हतं. मग एकदा लेकीचा फोन आला. "आई, ह्यांना काय झालंय कळत नाही. विचारलं तर म्हणतात, माझंच काम कच्चं पडलं. बाबांना मात्र ह्यातलं काही विचारू नको, त्यांना वाईट वाटेल." फोन स्पीकरवर होता. त्यानं बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं! ह्यांनी ते ऐकलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ह्यांना रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि खरं सांगते, तेव्हाही मला ह्यांचा राग आलेलाच होता.

दुसऱ्या सकाळी गाडीतळावर सगळे ड्रायव्हर चहा घेत उभे होते. मॅनेजरबाई गाड्या बघायला आल्या. हे सरळ त्यांच्यापुढे गेले. "बाई, त्या दिवशी जावयाची चूक नव्हती. मी आत ट्यूबा घातल्या होत्या. आणि वर हवा सोडली. म्हणून व्हॉल्व उपटले."

बाई हसल्या. रागानं नव्हे, मायेनं. "काका, मला कळतं. जावयासाठी जीव तुटतो माणसाचा. पण त्यानं स्वतःच कबूल केलंय ना? असा सासरा मिळायला नशीब लागतं."

ड्रायव्हरांतला एक जण म्हणाला, "वा, हवामास्तर! मोठं मन हवं त्याला."

खरं बोललेल्या माणसाचं कौतुक व्हावं ते खोटं बोलला म्हणून! ह्यांचा चेहरा असा झाला की भर चौकात कोणी कपडे उतरवले असते तरी तसा झाला नसता. क्षणभर मला भीती वाटली, की आता हे ते कौतुक खिशात घालून गप्प बसणार. आयुष्यभर तसंच तर केलं होतं.

हे वळले. गाडीतून जॅक काढला, पहार काढली आणि जावयानं न उघडलेलं मागचं चाक उतरवून जमिनीवर आडवं टाकलं. व्हॉल्वचा नट काढला, हवा सोडली आणि टायरची कड पहारीनं रिमवरून उचकटायला लागले. ती घट्ट बसलेली. पहार निसटायची, हे पुन्हा घालायचे. बोटाची साल निघाली. सगळे नुसते बघत होते. कोणालाच कळेना हा माणूस काय करतोय.

"अहो, सरका," मी म्हटलं आणि पहारीच्या टोकावर दोन्ही पाय ठेवून उभी राहिले. आयुष्यभर माझ्या वजनावरून टोमणे मारले ह्यांनी, तेच वजन कामाला आलं. कड खटकन सुटली. ह्यांनी आत हात घातला आणि काळी ट्यूब बाहेर ओढली. पुरती निघेपर्यंत ओढत राहिले आणि बाईंच्या पायांपुढे ठेवली.

"ट्यूबलेस टायरच्या पोटातली आहे," हे म्हणाले. "पुढच्या त्या चाकातही अशीच आहे. उघडून दाखवू?"

बाईंनी ट्यूबकडे पाहिलं, मग ह्यांच्याकडे. आता त्या हसत नव्हत्या. "नको," म्हणाल्या. आणि जरा थांबून, "उद्यापासून वरची जीप दुसरं कोणी चालवेल. तुम्ही खालची ॲम्ब्युलन्स घ्या." सगळे चहाचे पेले ठेवायला निघून गेले.

काम जावयाला मिळालं. लेक नव्या घरात गेली. हे आता सपाट डांबरी रस्त्यावर गाडी चालवतात आणि हवा मीटर लावून भरतात.

बातमी कळली त्याच दिवशी जावई धावत घरी आला होता. नेहमीसारखा खुर्चीच्या कडेवर बसला. "बाबा, कशाला सांगितलंत?" म्हणाला. "मी शेवटपर्यंत कुणाला कळू दिलं नसतं."

ह्यांनी मान वर केली नाही. "तेच तर," म्हणाले, त्याला पहिल्यांदाच अहो-जाहो करत. "तुम्ही कळू दिलं नसतं, आणि मी कळू न देता जगलो असतो."

मग उठून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "टेकून बसा हो. किती वर्षं असे काठावर बसणार?"