मातीत सावली कशी करायची

माझी मुलगी बंगळुरात एका कारखान्यात सुपरहिरोंचे वीत-दीड वीत उंचीचे पुतळे घडवते. आमच्या जोयड्यात कुणाला हे सांगितलं की "म्हणजे खेळणी व्हय?" असं विचारतात. मीही तिला तेच विचारलं होतं.

"खेळणी न्हाईत आप्पा. मोठी माणसं घेतात, काचेच्या कपाटात ठेवतात."

"खेळत न्हाईत?"

"हातसुद्धा लावत न्हाईत."

गेल्या उन्हाळ्यात ती चार दिवस घरी आली. आल्या आल्या तिनं कॉमिकमधली तीन चित्रं माझ्यापुढं पडवीत मांडली. मी तीसेक वर्षं गणपती करतो, ह्याच पडवीत. मातीत हात घालायला ती इथंच शिकली. त्यामुळं तिनं काही दाखवावं आणि मला ते कळू नये, असं आधी कधी झालं नव्हतं.

पहिल्या चित्रातला गडी गव्यासारखा रुंद, मान जवळजवळ नाहीच. दुसरा सडपातळ, त्याच्या पाठीवरचं वस्त्र धुरासारखं पानभर पसरलेलं. तिसऱ्याचं अर्धं तोंड नुसत्या काळ्या शाईनं भरलेलं.

"हे तिघं भाऊ?"

"एकच हाय. चित्रकार तीन."

"मग खरा कसा दिसतो?"

ती हसायला लागली. "ज्यानं काढला त्याचा तसा. घेणारी माणसं तेच बघतात, आप्पा. त्यांना अमक्याच चित्रकाराचा पाहिजे असतो. हनुवटी जरा बदलली तरी म्हणतात, हा त्यो न्हवं."

तिला तिसरा पाहिजे होता. कारखान्यात तो संगणकावर करून बघितला तर साबणाच्या वडीसारखा गुळगुळीत झाला. तिनं स्वतः दोनदा हातानं केला, तोही जमला नाही. "तुमच्या हाताला जमंल," ती म्हणाली. मला बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्यातच मी हो म्हणून बसलो.

पहिल्याच दिवशी अडलो. चित्रात पुढची बाजू होती, पाठ कुठंच नव्हती. दंडावरचे स्नायू मोजले तर माझ्या दंडात तेवढे सापडेनात. मला शर्टाची बाही वर करून दंड चाचपत बसलेला बघून बायको बाहेर आली. तिनं चित्र हातात घेतलं, नीट बघितलं आणि म्हणाली, "अवो, ह्याच्या बरगड्या बघा की. जेवतो का न्हाई ह्यो?"

खरी पंचाईत त्या काळ्या शाईची झाली. मला वाटलं, तोंडाला काही फासलंय. मुलगी म्हणाली, सावली आहे. कागदावर सावली काढता येते, पण मातीत कशी करायची? मी डोळ्याची खोबणी खोल कोरली, गालाखाली बोट दाबून खड्डा केला. अंगणात नेऊन बघितलं तर सकाळच्या उन्हात तो रागावलेला दिसे आणि दुपारी दाढदुखीनं हैराण झालेला. हाच तो, असं कुठल्या वेळी म्हणायचं?

"कपाटात दिवा वरनं असतो," मुलगी म्हणाली.

हे आधी का सांगितलं नाहीस, असं मी जरा तडकूनच बोललो. मग भरदुपारी आतल्या खोलीची दारंखिडक्या लावल्या. बायको स्टुलावर बॅटरी धरून उभी राहिली आणि मी खाली बसून कोरत राहिलो. तिचा हात अवघडून हलला की पुतळ्याचं तोंड बदले. "हलू नको की!" मी म्हणायचो. "मी न्हाई, त्योच हलतोय," ती म्हणायची.

चौथ्या दिवशी मुलीनं पुतळा जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि मांडीवर घेऊन बसमध्ये बसली.

आठवड्यानं तिचा फोन आला. पुतळा त्या चित्रकाराच्या मालिकेत बसत नाही, असं साहेब म्हणाले. तोंड जमलंय, पण तळहात मऊ, मांसल झालाय, आशीर्वाद दिल्यासारखा.

"मग परत आण."

"साहेब देत न्हाईत. त्यांच्या टेबलावर ठेवलाय. येणारा जाणारा विचारतो, ही कुणाची शैली? काय सांगू?"

"काय सांगतेस तू?"

"आप्पांची म्हणते."

मी फोन ठेवला. पुतळा नापास झाला की पास झाला, बायकोनं दोनदा विचारलं. "साहेबांच्या टेबलावर हाय," मी म्हणालो. माझी म्हणून काही शैली आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मी आपला गणपती करतो, जसा करायचा असतो तसा.

त्या वर्षी रामनगरचे एक जुने गिऱ्हाईक गणपती बघायला आले. दरवर्षी बघतात आणि लगेच होकाराचा नारळ ठेवतात. ह्या वेळी वाकून, दोन्ही बाजूंनी फिरून बघत राहिले.

"औंदा देवाच्या दंडात लई ताकद आलीया," ते म्हणाले.

मी बघितलं. खरंच आली होती. कधी आली, मला कळलं नव्हतं.

"कमी करू?" मी विचारलं.

त्यांनी विचार केला. "नगं," म्हणाले, "असू दे," आणि नारळ ठेवून गेले.