ब्रोकोली पांढरी होण्याची वाट पाहताना

मी ब्रोकोलीला पांढरी करायला निघाले होते. आता सांगताना हसू येतं, पण त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली त्या वर्षांतली गोष्ट. आमचं गाव कळंबच्या अलीकडे. नवरा वणीला कोळशाच्या ट्रकवर, घरी मी आणि सासरे, त्यांना मी मामाजी म्हणते. विहिरीजवळचा अर्धा एकर माझ्या हाती द्या, मी भाजीपाला करते, म्हणून मी त्यांच्या मागेच लागले. वर्षभर नाही-नाही करून मामाजी म्हणाले, "घे. पण एकच सीझन. जमलं त तुकडा तुहा. नाही जमलं त आपली कपाशीच बरी." लग्नाला चौदा वर्षं झाली होती. शेतात काय लावायचं हे ठरवायची माझी ही पहिलीच वेळ.

यवतमाळच्या एका भाजीच्या व्यापाऱ्यानं रोपं दिली. म्हणाला, ही ब्रोकोली, हॉटेलवाले हात जोडून घेतात. तो शब्द काही माझ्या जिभेवर बसेना. म्हटलं, म्हणजे काय असते हे? "फुलगोबीची बहीणच समजा, वहिनी. पानगोबी, फुलगोबी अन् हे, एकाच झाडाच्या लेकी." झालं. फुलगोबी मला माहेरापासून येत होती. अजून विचारून अडाणी कशाला दिसायचं?

गड्डे धरले, पण हिरवेगार. फुलगोबीचा गड्डा उन्हानं पिवळा पडू नये म्हणून आम्ही तिचीच पानं वर ओढून सुतळीनं बांधतो, मग आत तो पांढराशुभ्र राहतो. मला वाटलं, हिला ऊन लागलं म्हणून ही हिरवी. तीन दिवस कंबर मोडेस्तोवर एकेक झाड बांधलं. मामाजी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभे राहून म्हणाले, "घाई नोको करू. फुटल्याबिगर कपाशी कोणी वेचते काय?" मलाही ते पटलं.

बारा दिवसांनी व्यापारी गाडी घेऊन आला. मी ऐटीत पहिली सुतळी कापली. आत पिवळी फुलं. दुसरी कापली, तिसरी कापली, सगळीकडे तेच, मोहरी फुलावी तशी. कोणी भानामती केली की काय, असंही एकदा मनात येऊन गेलं.

व्यापारी डोक्याला हात लावून बांधावरच बसला. "वहिनी, हे काय करून ठेवलं? हे हिरवीच खातेत. बारीक कळ्या असतेत त्या, मिटलेल्या तोडा लागते. ब्रोकोली म्हणजे ही भाजी जिथली, तिथल्या भाषेत कोवळे कोंब." मी पहिली सुतळी बांधली त्याच दिवशी माल तयार होता. तयार माल मी माझ्या हातानं बांधून वाया घालवला होता.

गाडी रिकामी गेली. मामाजी मला रागावले नाहीत. थांब म्हणणारे तेही होते, पण ते त्यांना आठवलं नाही आणि मलाही बोलता आलं नाही. पाऊस लागल्यावर त्या तुकड्यात त्यांनी सरकी लावली. त्यांची कपाशी अळीनं तीनदा खाल्ली, तरी शेत त्यांच्या हातून कोणी काढून घेतलं नव्हतं. माझं एकच पीक चुकलं. दिवाळीनंतर त्याच अर्ध्या एकरात मी कापूस वेचायला गेले, आणि कोणत्या ओळीला लागू ते मामाजींना विचारलं.