अडकणारी तबकडी

लातूर जिल्हा होऊन चारेक वर्षं झाली होती आणि पावसानं सलग दुसऱ्या वर्षी तोंड फिरवलं होतं. नव्या कचेऱ्यांतल्या साहेबांबरोबर गावात टेपरेकॉर्डर आले. दुष्काळानं घराघरांतलं जुनं सामान बाहेर काढलं. त्यातल्या गाण्याच्या तबकड्या आमच्या गल्लीतले गुंडप्पा विकत घेत. डाळमिलमध्ये मुनीम, एकटा जीव. "विकणार कधी?" असं कुणी विचारलं की म्हणत, "भाव येऊ दे." हैदराबादचा व्यापारी भाव घेऊन आला की त्याला चहा पाजून परत पाठवत.

त्यांची एक रीत होती. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या जमल्या की स्वच्छ असेल ती ठेवायची, चरे पडलेली लाऊडस्पीकरवाल्या केरबाला देऊन टाकायची.

त्या उन्हाळ्यात समोरच्या पार्वतम्मा त्यांच्याकडे आल्या. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. आता घर बंद करून त्या मुलाकडे सोलापूरला निघाल्या होत्या. मुलानं सामानात गुंडप्पांना विकून टाकलेली एक तबकडी त्यांना परत हवी होती. गुंडप्पांनी धोतराच्या मऊ फडक्यात गुंडाळलेली, त्याच गाण्याची तबकडी त्यांच्या हातात ठेवली. पैसे घेतले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा दारात.

"ही आमची न्हाई, गुंडप्पा."

"गाणं तेच हाय की, अक्का. उलट ही चांगली, एक चरा न्हाई."

"आमची अडकायची. मालक जेवता जेवता उठायचे, तिला शिव्या घालत डाव्या हातानं सुई पुढं सरकवायचे. काल गाणं सरळ शेवटाला गेलं. कुणी उठलंच न्हाई."

गुंडप्पा तसेच उन्हातून केरबाकडे गेले.

"औंदा लग्नंच न्हाईत, मालक, वाजवू कुठं?" केरबा म्हणाला. "गरम पाण्यात बुडवून कुंड्या केल्या. साहेबांच्या क्वार्टरात गेल्या सगळ्या, कागदी फुलं ठिवायला."

"प्यायला पाणी न्हाई अन् तू तबकड्या उकळत बसलास?"

"त्याच पाण्यानं अंघोळ केली की मग!"

गुंडप्पा हसले नाहीत.

संध्याकाळी ते पार्वतम्मांच्या घरी गेले. खोलीत एक चटई आणि चावीचा फोनो एवढंच उरलं होतं. त्यांनी खिशातून टोकदार कर्कटक काढलं.

"कुठं अडकायची, अक्का?"

त्यांनी ती स्वच्छ तबकडी लावली. पार्वतम्मांनी गाणं ऐकता ऐकता बोट उचललं. तबकडीला कधी कडेशिवाय हात न लावणाऱ्या त्या माणसानं तिथं रेघ ओढली. सुई टक करून पुढं निघून गेली. त्यांनी पुन्हा ओढली, अधिक जोरानं. तिसऱ्या वेळी गाणं अडकलं.

तेच दोन शब्द रिकाम्या खोलीत फिरत राहिले. पार्वतम्मा भिंतीला टेकून, डोळे मिटून बसल्या होत्या. त्या उठतील म्हणून गुंडप्पा वाट पाहत राहिले.

"ऊठ की," डोळे न उघडताच त्या म्हणाल्या.

गुंडप्पा उठले. उजवा हात मोकळाच होता, तरी त्यांनी डावा पुढं केला.