कावळ्याच्या पंखाखालचा खिसा

तुमच्या पोरीला तुम्ही परी केलं असेल, गुलाबाचं फूल केलं असेल, फुलपाखरू तर हमखास केलं असेल. कधी कावळा केलंय का? आणि केलं नसेल तर अडचण नेमकी कुणाची होती, पोरीची, कावळ्याची की तुमची?

आमच्या घरात ती माझ्या आईची होती. संक्रांत तोंडावर आली होती आणि भाचीचं बोरन्हाण करायचं ठरलं होतं. लेकराला काळे कपडे घालायचे, हलव्याचे दागिने चढवायचे, पाटावर बसवायचं आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, गोळ्या ओतायच्या. मग गल्लीतल्या पोरांनी त्यावर तुटून पडायचं. हे पाच वर्षांपर्यंतच करतात. भाचीला पाचवं चालू होतं, म्हणजे हे शेवटचं. तिनं सांगून टाकलं होतं की कावळा होऊन बसेन, नाहीतर बसणारच नाही. हे खूळ तिच्या डोक्यात कुणी घातलं याचा संशय अर्थातच माझ्यावर होता.

संशय अगदीच खोटा नव्हता. माझी वहिनी, म्हणजे भाचीची आई, पिंगळीच्या शाळेवर शिकवते. घरी येताना ती शाळेतली चित्रांची पुस्तकं आणते आणि वाचून झाली की परत नेते. त्या पुस्तकांवरून मी भाचीला कपडे शिवते. शिवते हा माझा शब्द. आई म्हणते, चिंध्या करते. परभणीच्या बाजारात पोरींसाठी काय मिळतं ते तुम्हाला ठाऊक आहे. गुलाबी जाळी, मानेला चावणारी झालर, पाठीवर बो आणि छातीवर पिवळ्या केसांची एक राजकन्या, जिला आमच्या गल्लीत कुणी ओळखत नाही. म्हणून मी हत्तीच्या पुस्तकावरून कानांसारख्या बाह्यांचा फ्रॉक शिवला. म्हशीच्या पुस्तकावरून शेपटीवाली चड्डी शिवली. त्या शेपटीवर बसून भाची भर जेवणात रडली, हेही इथं नोंदवून ठेवते, नाहीतर आई नोंदवील.

माझी शिवायची रीत जरा वेगळी आहे. लोक कपडा बेतायला आधी वर्तमानपत्र कापतात, मी पत्रकं कापते. माझे वडील नोकरीनं कारकून आणि मनानं कायम मोर्चात. आमच्या घरात पलंगाखाली धान्याची पोती नव्हती, न वाटलेल्या पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं त्यांवरच शिकले. इतर पोरं कमळ आणि गणपती वाचत होती तेव्हा मी 'निषेध' वाचला. खळही घरात कायम तयार. दोन-तीन पत्रकं खळीनं चिकटवली की मस्त टणक कागद होतो, त्यावर बाही काढायची, कापायची. त्यामुळे भाचीच्या प्रत्येक फ्रॉकचा बेत कुठल्या ना कुठल्या मागणीतून कापलेला आहे.

कावळ्याचं पुस्तक तिला इतकं आवडलं होतं की ते परत करायच्या दिवशी तिनं ते पिठाच्या डब्यात लपवलं. गोष्ट साधी होती. कावळ्याला अर्धी भाकरी सापडते. तो एकटा खात नाही, ओरडून सगळ्यांना बोलावतो. सगळे येतात, खातात, जातात. शेवटच्या पानावर कावळा रिकाम्या फांदीवर खुशीत बसलेला.

सगळ्यांना तो शेवट आवडला. भाचीला नाही.

"आत्या, मग त्यानं काय खाल्लं?"

"त्याला आनंद झाला."

"आनंद खातेत का?"

पत्रकांत वाढलेल्या माणसाला त्यागावर बोलायला सांगा, रात्र पुरणार नाही. पण उपाशी कावळ्यावर आमच्याकडे एकही पत्रक नव्हतं. तोडगा तिनंच काढला. "त्याला खिसा पायजे होता. पंखाखाली. आधी आपलं ठेवायचं, मग ओरडायचं."

ती हे अनुभवावरून बोलत होती. मागच्या बोरन्हाणात तिला पाटावर हलायचं नाही म्हणून सांगितलं होतं. ती बिचारी मुकुट सांभाळत बसली आणि पोरांनी तिच्या मांडीवरची बोरंसुद्धा लुटून नेली. उत्सव तिचा, माल गल्लीचा. फ्रॉकला झालर होती, बो होता, मोती होते. खिसा नव्हता. तर यंदा तिला कावळा व्हायचं होतं, गल्ली बोलवायची होती आणि तरीही शेवटी तिच्याकडे काहीतरी उरायला हवं होतं. मागणी रास्त होती. मी पाठिंबा जाहीर केला.

"कावळा?" आई म्हणाली. "बया, पिंडाला शिवायला येतंय ते. आन तू लेकराच्या अंगावर चढवायलीस?"

"अगं, काळंच घालायचंय ना? कावळा काळाच असतो."

"म्हैसबी काळीच असती."

"म्हैस झाली की. शेपटी उसवली तिची."

बाबांनी चष्मा वर केला. "कावळा हा निसर्गाचा सफाई कामगार आहे," त्यांनी सुरुवात केली.

"तुमी गप बसा," आई म्हणाली. "तुमच्या कामगारानं काल माझे वाळत घातलेले पापड नेले."

मी कुणाचं ऐकलं नाही. कापड मिळालं बाबांच्या जुन्या छत्रीचं. ती छत्री असंख्य मोर्चांना जाऊन आली होती आणि तिच्या काड्या आता कुठल्याच भूमिकेवर ठाम राहत नव्हत्या. छत्रीच्या दोन काड्यांमधली तिकोनी पाकळी सोडवली की पंख आयताच तयार असतो, खालची कडसुद्धा पिसांसारखी वळलेली. अंगासाठी काळं पॉपलीन, चोचीसाठी बाबांच्या फायलीचा पुठ्ठा. शिवलं आणि भाचीला चढवलं. तिनं पंख पसरायला हात उचलले, ते छातीच्या वर जाईनात. काखेत मी इतकं घट्ट शिवलं होतं की कावळा कोर्टात उभ्या केलेल्या साक्षीदारासारखा दिसत होता.

आई दारातून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर दोन गोष्टींचं भांडण चाललं होतं. कावळा तिला सहन होत नव्हता. पण वाईट शिवण तिला त्याहून सहन होत नव्हती.

"पोरीला हात वर करू द्यायचा न्हाई का जन्मात?" ती म्हणाली. "आन म्हनं चळवळ."

तिनं झबलं पोरीच्या अंगावरून ओढून काढलं, काख उसवली, पाकळीच्याच उरलेल्या कापडाचा चौकोनी तुकडा तिथं बसवला. "कावळा करायचा तर नीट कावळा करावा माणसानं." मग खिशाची पाळी आली. "पोरीच्या फ्रॉकला खिसा कशाला?" तिनं विचारलं. सवयीनं, वादासाठी नाही. भाची म्हणाली, "आज्जी, तू पैसे कुठं ठेवतीस?" आईचा हात आपोआप पोलक्याकडे गेला. आयुष्यभर तिनं नोटा, चाव्या, बसचं तिकीट, सगळं तिथंच कोंबलं होतं. खिसा तिनं दुहेरी शिवला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घाण केली ती आम्ही, म्हणजे मी आणि बाबांनी. दुसऱ्या कुठल्याही घरातून बायकांना फोन गेले असते, लेकरं दारोदार पिटाळली असती. आमच्या घरातून पत्रक गेलं. मला त्यात एक गोष्ट मनापासून लिहायची होती. आमच्या कोपऱ्यावरच्या काकूंचा नवरा वारला, तेव्हापासून संक्रांतीला त्यांना कुणी बोलावत नव्हतं. गल्लीतली सगळी पोरं त्यांच्या झाडाचे पेरू खाऊन वाढली. पण कुंकवाचा करंडा निघाला की त्यांचं घर गल्लीच्या बाहेर जायचं. म्हणून मी लिहिलं: 'कुंकू लावणाऱ्या, न लावणाऱ्या आणि लावू न दिलेल्या सर्व भगिनींनी मुलाबाळांसह यावे.' बाबांनी त्यात 'प्रचंड संख्येने' घातलं आणि वर ठळक अक्षरांत मथळा दिला: 'कावळ्याला अशुभ ठरवणाऱ्या मनोवृत्तीचा तीव्र निषेध!' बोरन्हाण हा शब्द खाली, पत्त्याच्या शेजारी, बारीक अक्षरांत.

आईनं वाचून विचारलं, "एकेकीला फोन करू का?"

"पत्रक वाटलंय की," बाबा म्हणाले.

ठरलेल्या संध्याकाळी सतरंजी अंथरली. पेडगावहून आणलेली बोरं टोपलीत चुरमुऱ्यांवर ओतली. भाची छत्रीचे पंख, पुठ्ठ्याची चोच आणि गळ्यात हलव्याचा हार अशी पाटावर बसली. हलव्याचा हार घातलेला कावळा फार रुबाबदार दिसतो. आणि कुणी आलं नाही. समोरची बाई फाटकाशी आली, आमच्याकडं बघितलं, पदर सारखा केला आणि आत गेली.

"आत्या, लोकं कुठंयत?"

"येतील."

आई मागल्या दारानं जाऊन चौकशी करून आली. "लोकं म्हणायलेत, कसलं तरी आंदोलन हाय. एकजण विचारायली, सही करावं लागंल का म्हणून."

बाबा सतरंजीकडं बघत राहिले. त्यांनी आयुष्यात बऱ्याच रिकाम्या सतरंज्या पाहिल्या होत्या आणि दर वेळी जनतेत जागृती नाही असं म्हणून त्या गुंडाळल्या होत्या. पण या वेळी सतरंजीच्या टोकाला त्यांची नात चोच लावून बसली होती. तिच्यापुढं जागृतीचं कारण चालणार नव्हतं. तिचा खालचा ओठ चोचीखाली थरथरायला लागला. हे शेवटचं बोरन्हाण, आणि लुटायलासुद्धा कुणी नाही.

मी तिला उचलायला गेले तर ती माझ्या हाताखालून निसटली. फाटकाजवळच्या कट्ट्यावर चढली. पंख पसरले, काखेत आईनं लावलेल्या तुकड्यानं कुरकुर केली नाही, आणि ती ओरडली:

"काव! काव! खायला हाय! या! लय हाय!"

पुस्तकात कावळा असंच करतो. आम्ही मथळा शोधत होतो, तिला मजकूर पाठ होता.

आधी समोरच्या घरातलं लेकरू धावत आलं. मग त्याच्या मागं दोन, मग चपला न घालता सगळी पलटण. पोरं आली म्हणून त्यांना घरी न्यायला आया आल्या. समोरची बाई हसत म्हणाली, "कावळा ओरडायलाय म्हनून बघायला आले, कुणाकडं पावणे येतेत. तर आपुनच पावणे!" तिच्या हातात तिळगूळ होता. तो तिनं आमच्याच पत्रकात बांधून आणला होता. 'तीव्र निषेध' तेलकट झाला होता. माझ्या लिखाणाचा इतका गोड उपयोग तोवर झाला नव्हता.

गर्दीच्या मागं फाटकाशी कोपऱ्यावरच्या काकू उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं पत्रक मात्र नीट चौघडी घातलेलं होतं. त्यांनी ते उघडून आईला दाखवलं.

"हे 'न लावणाऱ्या' म्हणजे... मी आले तर चालंल ना?"

बाबांनी घसा खाकरला. ते आता बोलणार हे मला कळलं. आईनं टोपली उचलली आणि काकूंच्या हातात दिली.

"तुमच्यासाठीच तर लिवलंय. वता, आधी तुमीच वता."

हीच माझी आई आठवड्यापूर्वी कावळ्याला घरात घ्यायला तयार नव्हती. मी तिच्याकडं बघितलं तर म्हणाली, "बघायलीस काय? चुरमुरे सांडायलेत, धर."

बाबा पुन्हा खाकरले. काकू म्हणाल्या, "भाषण नका करू साहेब, लेकरू अवघडलंय." आणि त्यांनी टोपली ओतली.

बोरं छत्रीच्या कापडावरून टपटप घसरली. पोरं सतरंजीवर आडवी झाली. धूळ, किंकाळ्या, कुणाचं तरी डोकं कुणाच्या तरी हनुवटीवर. कावळा मात्र पाटावर सरळ बसून होता. फक्त त्याचा उजवा पंख आतल्या आत हालत होता. सगळं लुटून झाल्यावर पोरं एकमेकांना मुठी दाखवू लागली, तेव्हा भाचीनं पंख वर केला. दुहेरी खिसा फुगून लोंबत होता.

"आता खाल्लं त्यानं," ती मला म्हणाली.

याचा शेवट इतका पवित्र नाही. झबलं दोन दिवस खुंटीला लटकलं आणि तिसऱ्या दिवशी खिशापासून दारापर्यंत मुंग्यांची शिस्तबद्ध मिरवणूक निघाली. आत बोरं चेचून, गोळ्या वितळून, हलवा चिकटून सगळं एकजीव झालेलं. आईनं ते माझ्या नाकापुढं धरलं. "हे बघ तुझ्या चळवळीचं फळ." मग तिनं खिसा उलटा करून धुतला आणि वाळत घातला. दुसऱ्या दिवशी ती मशीनवर स्वतःच्या पोलक्याला काहीतरी लावत बसली होती. मी विचारलं काय करायलीस, तर म्हणाली, "तुला काय करायचंय?"

आता तुमचं काम. कावळा करायचा की नाही ते तुम्ही आणि तुमची पोर बघा. पण हे वाचून झालं की उठा, घरातल्या पोरीचा एक फ्रॉक काढा आणि दोन्ही बाजूंनी आतून हात फिरवा. झालर सापडेल, बो सापडेल, मोती सापडतील. खिसा सापडला नाही तर जुन्या छत्रीची एक पाकळी उसवा आणि आजच लावा, मूठभर बोरं मावतील एवढा. आणि दुहेरी शिवा.